शतपावली पुरेशी नाही

सकाळी सहा-सव्वासहाला ओंकारेश्वराच्या आसपास थांबलं की शनिवार पेठ चालताना दिसते. वर्तक बागेकडे निघालेले आजोबा, बालगंधर्व पुलावरून संभाजी उद्यानाकडे झपाझप जाणारी मित्रांची टोळकी, नदीपात्रातल्या रस्त्यावर धावणारे एखाद-दोन तरुण. साठी उलटलेल्या आज्या असतात, कॉलेजातल्या मुलीही असतात. त्या मानाने कमी दिसते ती पंचेचाळीस ते पंचावन्न वयाची बाई. ती त्या वेळी बहुधा घरात असते. एका शेगडीवर चहा, दुसरीवर भाजी, ओट्यावर उघडे डबे, आणि नळाला पाणी आहे तोवर पिंप भरून घ्यायची घाई.

फिरायला का जात नाही, असं तिला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. ‘अहो, दिवसभर पायांवरच तर असते! आणखी वेगळं काय चालायचं?’

हे उत्तर खोटं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात घरातल्या बिनपगारी कामाला बायका रोज सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं आढळलं. जवळजवळ पाच तास! पण त्याच वर्षी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासाने वेगळंच चित्र दाखवलं. २०२२ साली भारतातल्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. या मोजणीत घरकाम वगळलं असेल असं वाटणं साहजिक आहे. तसं नाही. घरातली कामं, नोकरीतली कामं, येणं-जाणं आणि व्यायाम, सगळं धरूनच हा आकडा आहे.

दिवसभर पायांवर असलेली बाई शास्त्राच्या हिशेबात ‘बैठी’ कशी ठरते?

मेख आहे जोरात. स्वस्थ बसलेलं असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तिला एक मानलं, तर स्वयंपाक करताना ती साधारण दोन-अडीच पट होते. भरभर चालताना ती साडेतीन-चार पटींवर जाते. हृदय, रक्तवाहिन्या आणि स्नायू यांना ‘काम’ म्हणून जे जाणवतं ते साधारण तीन पटींच्या पुढे सुरू होतं. ओट्यापाशी तासभर उभं राहून पाय दुखतात, कंबर धरते, थकवा खराच येतो. पण नाडी फारशी वाढत नाही. त्यात घरातलं चालणं तुकड्यातुकड्यांचं असतं. ओटा ते फ्रीज चार पावलं, फ्रीज ते गॅलरी आठ पावलं. हृदयाने वेग घ्यावा तोवर पाय थांबलेले असतात.

वाकून केर काढणं आणि लादी पुसणं ही कामं मात्र तीन पटींच्या वर जातात. पण पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या, त्यांत लिफ्ट आल्या, आणि अनेक घरांत केर-लादी कामवाल्या मावशींकडे गेली. त्या मावशीही बहुधा याच वयाच्या असतात. पाच घरं, तेवढेच जिने आणि घरी परतल्यावर पुन्हा तेच. त्यांना ‘चाला’ असा सल्ला देणं हा विनोद होईल. त्यांना हवी असते विश्रांती आणि गुडघ्यांची तपासणी. हा लेख मुख्यतः त्यांच्याविषयी आहे ज्यांचा दिवस थकवणारा असतो, पण हृदयाचा वेग वाढवणारा नसतो.

पाळी थांबताना

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते; पाश्चात्त्य देशांत ती साधारण ५१ व्या वर्षी थांबते. म्हणजे आपल्याकडे हा बदल चार-पाच वर्षं आधी येतो, आणि नेमका मुलांच्या बारावीच्या आणि सासू-सासऱ्यांच्या आजारपणाच्या दिवसांत येतो. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. शरीरातले बदल त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असतात.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होऊ लागलं की चरबीची जागा बदलते. आजवर मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे सरकते, आणि त्यातली काही कातडीखाली न राहता आतड्यांभोवती, यकृताभोवती जाऊन बसते. वजनकाटा तोच आकडा दाखवतो, पण साडीवरचे जुने ब्लाउज आणि परकराची नाडी वेगळंच सांगतात. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. रक्तवाहिन्यांचा लवचीकपणा कमी होतो, बीपी वर सरकतं. तरुणपणी हृदयविकाराच्या बाबतीत बाईला पुरुषाच्या तुलनेत जे नैसर्गिक संरक्षण असतं, ते याच काळात विरत जातं.

हाडांचं गणित आणखी घाईचं आहे. अमेरिकेतल्या स्त्रियांचा मध्यमवयापासून वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या ‘स्वान’ या अभ्यासात असं दिसलं, की हाडांची वेगवान झीज शेवटच्या पाळीच्या साधारण एक वर्ष आधी सुरू होते आणि नंतर दोनेक वर्षांनी मंदावते. पुढे पासष्टीत न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडतं, त्याची सुरुवात पंचेचाळिशीत झालेली असते. त्या वेळी काहीच दुखत नसल्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही.

बारीक असणं आणि निरोगी असणं

‘मी तर बारीकच आहे, मला काय गरज?’ हे दुसरं ठरलेलं उत्तर. याला उत्तर द्यायला पुण्याबाहेर जायची गरज नाही. शनिवार पेठेपासून दोन-तीन किलोमीटरवर, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं नेमक्या याच प्रश्नावर काम केलं आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र छापून आलं. दोघे शेजारी शेजारी उभे. उंची-वजनाच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून या प्रकाराला ‘वाय-वाय विरोधाभास’ असं नाव पडलं.

दिसायला सडपातळ, आतून चरबीचं प्रमाण जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची सर्रास आढळणारी शरीरप्रकृती आहे. तिची मुळं जन्माच्याही आधी जातात. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात तिथल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांशी केली गेली. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिथल्या बाळांचं ३.५ किलो. वजनात इतका फरक असूनही आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव.

म्हणून आपल्याकडे धोक्याच्या रेषाही वेगळ्या आहेत. बीएमआय २५ ऐवजी २३ च्या पुढे गेला की सावध व्हावं, आणि बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या वर जाऊ नये. शिंप्याची टेप घरात असते. बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता, श्वास सोडून मोजायचं. वजनकाट्यापेक्षा ही टेप जास्त खरं बोलते.

आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून अधिक, सुमारे १३.६ कोटी, त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्यांसाठी चेन्नईत एक मोठा प्रयोग झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ‘इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’मध्ये ५३१ जण होते. त्यातल्या काहींना आहारात बदल आणि रोज किमान अर्धा तास चालणं एवढाच उपाय दिला गेला. साधारण तीन वर्षांनी त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण, नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटाच्या तुलनेत, २८.५ टक्क्यांनी कमी निघालं. त्यांच्या वजनात मात्र लक्षणीय घट झालेली नव्हती. महिनाभर चालून काटा हलला नाही म्हणून चपला कपाटात ठेवणाऱ्या प्रत्येकीने हा भाग दोनदा वाचावा.

काटा न हलता साखर का सुधारते, याचं कारण स्नायूंत आहे. जेवणातून आलेली साखर साठवण्याचं शरीरातलं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. एरवी त्याचं दार इन्सुलिनने उघडावं लागतं, आणि मध्यमवयात ते दार जड होत जातं. पण स्नायू काम करू लागला की साखर आत घेणारी प्रथिनं इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. चालताना मांड्या, पोटऱ्या आणि नितंब, म्हणजे शरीरातले सगळ्यांत मोठे स्नायू, एकदम कामाला लागतात. थांबल्यावरही हा परिणाम काही तास टिकतो. पूर्ण ओसरायला एक-दोन दिवस लागतात. म्हणूनच रविवारी दोन तास चालून उरलेला आठवडा बसून राहण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं उजवी ठरतात.

दीड हजारपावली

जेवल्यावर शंभर पावलं चालावं, हे मराठी घरात कुणी शिकवावं लागत नाही. शतपावलीचा शब्द आहे, सवयही होती. वाड्याच्या चौकात, गच्चीवर, नाहीतर नदीकाठी. २०१३ मध्ये अमेरिकेत साखर वाढण्याचा धोका असलेल्या वयस्क लोकांवर एक छोटा पण नेटका प्रयोग झाला. एका दिवशी सकाळी सलग ४५ मिनिटं चालायचं, एका दिवशी दुपारी तितकंच, आणि एका दिवशी तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं. दिवसभराची साखर आटोक्यात ठेवायला तुकड्यांचं चालणंही सकाळच्या सलग चालण्याइतकंच उपयोगी पडलं, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर उतरवण्यात ते सरस ठरलं. रात्रीचं जेवण आपल्याकडे उशिरा आणि भरपेट असतं, तेव्हा हा निष्कर्ष आपल्याला जरा जास्तच लागू पडतो.

फक्त हिशेब जुळत नाही. शंभर पावलं चालायला एक मिनिट लागतं. पंधरा मिनिटं म्हणजे दीड हजार पावलं. पूर्वजांची दिशा बरोबर होती. त्यांच्या दिवसाच्या पोतडीत पाटा-वरवंटा आणि विहिरीचं पाणीही होतं. आज ते नाही, म्हणून पावलं वाढवावी लागतात.

मग रोज दहा हजार पावलं? हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’. जाहिरातीतला हा गोळाबेरीज आकडा पुढे जगभरच्या मोबाइलमध्ये शिरला. हार्वर्डमधल्या डॉ. आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये १६,७४१ स्त्रियांच्या पावलांची मोजदाद प्रसिद्ध केली. सरासरी वय ७२. रोज सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० पावलं चालणाऱ्यांत त्या काळातल्या मृत्यूंचं प्रमाण ४१ टक्के कमी होतं. साडेसात हजारांच्या आसपास फायद्याची रेघ सपाट झाली. या बायका आपल्या विषयातल्या बाईपेक्षा वयाने मोठ्या होत्या हे खरं, पण दहा हजार झाले नाहीत म्हणून रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालण्याची गरज नाही, एवढं त्यावरून म्हणता येतं.

मध्यमवयातल्या स्त्रियांविषयीचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकन परिचारिकांचा आहे. ४० ते ६५ वयाच्या ७२ हजारांहून अधिक परिचारिकांचा १९८६ पासून आठ वर्षं पाठपुरावा करून १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. आठवड्यातून तीन किंवा अधिक तास भरभर चालणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका, न चालणाऱ्यांच्या तुलनेत, ३० ते ४० टक्क्यांनी कमी होता. सारखीच ऊर्जा खर्च होत असेल तर चालण्याचा फायदा दमछाक करणाऱ्या व्यायामाच्या तोडीचा होता. आणि ज्या आधी बैठ्या होत्या पण मध्यमवयात किंवा नंतर हालचाल करू लागल्या, त्यांचाही धोका कमी झालेला दिसला. अशा अभ्यासांत एक अडचण असतेच. जी चालते ती मुळात थोडी धडधाकटही असू शकते. धूम्रपान, वजन, आहार यांचा हिशेब वजा करून संशोधक ही अडचण कमी करतात, पूर्ण पुसता येत नाही. तरीही वेगवेगळ्या देशांतले आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या ७३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या दुसऱ्या एका अमेरिकन पाहणीत आठवड्याला सात तास किंवा अधिक चालणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका, तीन तास किंवा त्याहून कमी चालणाऱ्यांपेक्षा, १४ टक्क्यांनी कमी होता.

‘भरभर’ म्हणजे किती? मिनिटाला साधारण शंभर पावलं ही खालची पायरी. मोजायचा कंटाळा असेल तर दुसरी युक्ती आहे. शेजारच्या काकूंशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण गाणं म्हणता येता कामा नये. ओळीच्या मध्येच श्वास घ्यावा लागला की वेग बरोबर आहे. अख्खं भजन सहज म्हणता येत असेल, तर ती फेरी देवदर्शनाची. तिचं पुण्य वेगळ्या खात्यात.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं अशी हालचाल सांगते. एका वेळी किमान दहा मिनिटं सलग हवीत, ही जुनी अट तिने २०२० मध्ये काढून टाकली. तुकडे चालतात. फक्त ते तुकडे जोराचे हवेत.

चालण्याने काय होत नाही

चालणं हे सगळ्यावरचं औषध म्हणून विकलं जातं, तिथे थोडं थांबायला हवं.

अंगातून अचानक उसळणाऱ्या गरम वाफा आणि रात्रीचा घाम यांवर चालण्याचा खात्रीचा उपयोग होतो, असं अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर सिद्ध झालेलं नाही. झोप आणि मनःस्थिती सुधारल्यामुळे त्यांचा त्रास कमी जाणवू शकतो. त्रास फार असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपचार आहेत. ‘वय आहे, सोसायचं’ असं म्हणायचं कारण नाही.

हाडांबाबतही अर्धंच खरं सांगितलं जातं. आठवड्याला चार तास किंवा अधिक चालणाऱ्या परिचारिकांत खुब्याचं हाड मोडण्याचा धोका, तासाभरापेक्षा कमी चालणाऱ्यांच्या तुलनेत, ४१ टक्के कमी दिसला होता. पण त्यात तोल, पायांतली ताकद आणि पडण्याचं कमी झालेलं प्रमाण यांचाही वाटा असणार. नुसत्या चालण्याने कण्याच्या मणक्यांची घनता वाढत नाही. खुब्यापाशी थोडासा फायदा दिसतो. हाडाला रोजच्यापेक्षा जास्त भार हवा असतो. म्हणून आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगितले जातात: खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. जिना हा तर घरबसल्या मिळालेला व्यायाम. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून जाणारे पुणेकर कित्येक पिढ्या हेच करत आले आहेत. इमारतीत लिफ्ट असली तरी दोन मजले पायांनी चढायला सोसायटीची परवानगी लागत नाही.

दुसरा गैरसमज कोवळ्या उन्हाचा. सकाळी साडेसहाला फिरून आलं की ‘ड’ जीवनसत्त्व मिळालं, असं अनेक घरांत मानतात. त्वचेत ते तयार करणारे अतिनील किरण सूर्य क्षितिजाजवळ असताना वातावरणातच बहुतेक अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन त्यासाठी उपयोगाचं. सकाळचं चालणं हृदयासाठी उत्तम, पण ‘ड’ जीवनसत्त्वाचा हिशेब दहा-अकरानंतर हातांवर पडलेल्या उन्हात किंवा डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत शोधावा लागतो.

वेळ कुणाकडे, रस्ता कुणाचा

सल्ला देणं सोपं आहे. पेठेत चालणं तितकं सोपं नाही. शनिवारवाडा ते मंडई अंतर साधारण एक किलोमीटर. बाईच्या पावलांनी चौदाशे-पंधराशे पावलं, जाऊन-येऊन जवळजवळ तीन हजार. दिवसाचा निम्मा कोटा भाजी आणताना पुरा व्हावा! तरीही एवढ्यासाठी गाडी काढली जाते, आणि त्याला आळसच कारण असतो असं नाही. अप्पा बळवंत चौकातल्या गर्दीत पदपथावर उभ्या दुचाक्या, दुकानांच्या पायऱ्या, उखडलेल्या फरशा, आणि खाली उतरलं की अंगावर येणाऱ्या रिक्षा. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा होऊ लागला. वर्षातला एक दिवस. जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद पदपथ पाहिले की जमू शकतं हे कळतं, म्हणून पेठेतल्या गल्ल्यांविषयी जास्त चीड येते.

नदीकाठचा मोकळा रस्ता पावसाळ्यात भरवशाचा नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला, की तो बंद. उद्यानांची गोष्ट वेगळी. महापालिकेची बहुतेक उद्यानं सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात, दुपारी बंद. ज्या घरातल्या बाईला दुपारी अडीच ते चार एवढीच मोकळीक मिळते, तिला त्या वेळी कुलूप पाहावं लागतं.

सकाळचा अर्धा तास हा तर सरळ सरळ वाटाघाटीचा प्रश्न आहे. २८९ आणि ८८ मिनिटांमधला फरक दोनशे मिनिटांचा. त्यातली तीस मिनिटं इकडून तिकडे सरकली, म्हणजे डबा भरणं आणि चहा एवढं घरातल्या दुसऱ्या कुणी उचललं, तर आठवड्याचे दीडशे मिनिटं पाच दिवसांत होतात. हे काम औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही. जिथे ते जमत नाही तिथे तुकडे करावेत. रामणबागेत किंवा अहिल्यादेवी शाळेत मुलांना सोडायला जाताना गाडी घरी ठेवून दहा मिनिटं. बसच्या आधीच्या थांब्यावर उतरून दहा. रात्री जेवल्यावर बालगंधर्व पुलापर्यंत जाऊन परत पंधरा. सोबत असली तर चालणं टिकतं. एकटीला पाऊस, पाहुणे आणि मालिका अशी हजार निमित्तं सापडतात.

बायका चालणं मध्येच सोडतात त्यामागे एक कारण असतं जे त्या घरातही सांगत नाहीत. खोकलं, शिंकलं किंवा भरभर चाललं की लघवीचे थेंब गळणं. बाळंतपणं झालेल्या, पाळी थांबत आलेल्या बायकांत हे अगदी सर्रास आढळतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, आणि काही आठवडे नियमाने केले तर बहुतेकींना चांगला फरक पडतो. लाजून घरी बसण्याची ही बाब नाही.

दम लागण्याकडेही नीट पाहावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पाळी थांबण्याआधीच्या वर्षांत रक्तस्राव वाढतो, हिमोग्लोबिन खाली जातं, आणि दोन जिने चढून धाप लागली की ‘वजन वाढलंय, चालायला हवं’ असं निदान घरच्या घरी होतं. आधी रक्त तपासावं. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अचानक घाम आला तर थांबून लगेच डॉक्टर गाठावा. बायकांत हृदयविकार कधी नुसत्या थकव्याच्या आणि मळमळीच्या रूपाने येतो, आणि तो पित्ताच्या गोळीखाली दडपला जातो. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखरेचं काहीतरी असावं. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, थोडासा का होईना, तर त्याचा चालण्याशी संबंध जोडत बसू नये. तपासणी त्याच आठवड्यात.

गुडघे दुखतात म्हणून चालणं बंद, हा निर्णयही घाईचा असतो. सुरुवातीच्या संधिवातात सपाट जमिनीवर, बेताच्या वेगाने चालण्याने आणि मांडीचे स्नायू बळकट केल्याने दुखणं बहुधा कमी होतं. गुडघा सुजला, गरम लागला किंवा मध्येच अडकू लागला तर मात्र थांबावं.

पेठेतल्या कितीतरी बायका वर्षातून एक दिवस भरपूर चालतात. ज्येष्ठ वद्य एकादशीच्या सुमारास ज्ञानोबांची पालखी पुण्याचा मुक्काम हलवून सासवडकडे निघते, तेव्हा दिवे घाट चढून साधारण तीस किलोमीटर. चाळीस हजारांच्या पुढे पावलं. भक्ती आणि हौस नेते तिथवर, मग दोन दिवस पाय गरम पाण्यात, आणि पुढच्या ज्येष्ठापर्यंत चप्पल कोपऱ्यात. पुढच्या वर्षी जायचं असेल तर तयारी चैत्रात सुरू करावी. पहिले दोन आठवडे रोज पंधरा मिनिटं, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत पाऊण तासापर्यंत. रविवारी एक लांबची फेरी, आठवड्यात एकदा पर्वती. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पावलं थोडी सुजलेली असतात आणि माप बरोबर मिळतं. आणि वारीच्या दिवशी ते नवे कोरे नसावेत. निदान महिनाभर पेठेच्या गल्ल्यांतून फिरून आलेले असावेत.